मिस अ‍ॅडलेडचे खेकडे

डेट्रॉइट
७ फेब्रुवारी १९९४

प्रिय ओथेला,

नाताळच्या कार्डाशिवाय माझ्याकडून काही आलं म्हणजे तू आधी पाकीट उजेडाला धरून पाहिलं असणार. कोणी मेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि एकदम ठेवतो.

बातमी अशी की डिसेंबरात मी निवृत्त झाले. बत्तीस वर्षं शाळेच्या मुलांना दुपारचं जेवण वाढलं, त्याबद्दल त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता वेळच वेळ आहे, आणि तो बघायला घड्याळही आहे.

परवा दाताच्या दवाखान्यात एक मासिक चाळत होते. त्यात जाहिरात: ‘सव्हानात तीन दिवस. जुन्या दक्षिणेच्या कुशीत विसावा.’ वर फोटो. ओथेला, तो पिंकार्डांचा वाडा होता! मिस अ‍ॅडलेडचा. तेच लोखंडी कठडे, तोच गोल जिना, दारासमोर तोच चौक. आता तिथे पाहुण्यांना ठेवतात. ज्या घरात आई एकोणतीस वर्षं स्वयंपाकाला मागच्या दाराने गेली, तिथे आता कोणीही पुढच्या दाराने जाऊन झोपू शकतं.

१६ एप्रिलला आई नव्वद वर्षांची झाली असती. शनिवार आहे. तू डॅरियनहून ये, तुला तासाभराचा रस्ता. मी इथून येते. शुक्रवार ते रविवार.

मनात काय आहे ते सरळच लिहिते. मला आईचे भरलेले खेकडे खायचेत. मी घर सोडून निघाले तेव्हा तिने मला कृती लिहून दिली, ती अर्धवट. बेचाळीस वर्षं करून बघतेय, काहीतरी राहतंच. तुला तिने सगळं सांगितलं असणार. तू राहिलीस, मी गेले. तिने ज्याचं त्याला दिलं. मला कृती नको. तू कर आणि मला एकदा वाढ. आई माझ्यावर शेवटपर्यंत रागावलेली होती का, एवढं मला त्या एका घासात कळेल.

तुझी,
व्हर्नेल

*

डॅरियन, जॉर्जिया
१५ फेब्रुवारी १९९४

प्रिय व्हर्नेल,

पाकीट उजेडाला धरलं नव्हतं. वाफेवर धरलं होतं, कारण घाईत तू पत्रच डिंकाला चिकटवलं होतंस.

निवृत्तीबद्दल अभिनंदन. मी अजून झाले नाही. माझा नवरा गेला तरी त्याची कोळंबीची जाळी उसवायची थांबली नाहीत. ती आता पुतणे फाडतात आणि मी विणते.

आता त्या वाड्याचं. व्हर्नेल, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आईने तिथे उभं राहून राहून पाय सुजवून घेतले, आणि आपण पैसे मोजून तिथे झोपायचं? सव्हानात माझ्या नणंदेकडे दोन खाटा रिकाम्या आहेत. ती घोरते, पण फुकट घोरते.

कृतीचं म्हणशील तर ही नाटकं पुरेत. तू निघालीस त्याच्या आदल्या संध्याकाळी आई स्वयंपाकघराचं दार लावून लिहीत बसली होती, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी आणि ती चिठ्ठी, सगळं बुटांच्या खोक्यात घालून तुला दिलं. मला माझ्या लग्नात काय मिळालं? ती बोलली, मी लिहून घेतलं, पाच मिनिटांत. त्या बाईला तुझा राग असता तर तिने दार लावलं नसतं.

माझे खेकडे चर्चच्या जेवणात सगळ्यांत आधी संपतात. त्यात काही कमी नाही.

तरीही तू एवढ्या लांबून येतेस तर कोणीतरी तुझ्यावर नजर ठेवायला हवी. येईन. पण त्या घरात कोणती खोली देतायत ते आधी विचार. मला जिने चढवत नाहीत.

तुझी बहीण,
ओथेला

*

पिंकार्ड हाउस, सव्हाना
२२ फेब्रुवारी १९९४

आदरणीय श्रीमती साइक्स,

आपल्या चौकशीबद्दल मनःपूर्वक आभार. मी आणि माझी पत्नी ओहायोहून तीन वर्षांपूर्वी इथे आलो, आणि या वास्तूने आम्हाला आपलंसं केलं. आपणही डेट्रॉइटच्या, म्हणजे आमच्याकडच्याच. पहिल्यांदाच दक्षिणेत येणाऱ्यांना इथलं वातावरण थोडं निराळं वाटतं. काळजी नसावी, आम्ही सर्व समजावून सांगतो.

जिना नको असेल तर आपल्यासाठी आमचं सर्वांत मागणी असलेलं (आणि अर्थातच सर्वांत महाग) ‘चूल दालन’ सुचवतो. हे घराचं मूळ स्वयंपाकघर. विटांची चूल, तांब्याची भांडी आणि चुलीशेजारचं मूळ लाकडी स्टूल जसंच्या तसं जपलं आहे. स्टुलावर कृपया बसू नये. शेजारच्या खोलीत आमचं आताचं स्वयंपाकघर आहे, त्यामुळे सकाळी पदार्थांचा सुवास थेट उशाशी येतो.

थोडं गुपित सांगतो. या दालनात डल्सी नावाच्या प्रेमळ स्वयंपाकिणीचा आत्मा वावरतो. पाहुण्यांनी भांड्यांचा आवाज ऐकला आहे. मालकिणीवर तिचा इतका जीव होता की मृत्यूनंतरही तिला हे घर सोडवलं नाही. घाबरण्याचं कारण नाही, ती फक्त नीटनेटकेपणा करते.

सोबत पत्रक जोडत आहे. त्यात मिस अ‍ॅडलेड पिंकार्ड यांच्या हस्ताक्षरातली भरलेल्या खेकड्यांची गुप्त कृती आहे. दर रविवारी न्याहारीला आम्ही तेच वाढतो.

आपला नम्र,
लेलँड व्हॉस

*

डेट्रॉइट
१ मार्च १९९४

प्रिय ओथेला,

खाली बसून वाच. व्हॉससाहेबांचं पत्र आणि पत्रक सोबत पाठवतेय.

तर आईच्या स्वयंपाकघरात आता पलंग आहे आणि तीच या घरातली सगळ्यांत महागडी खोली. जिथे तिला एकोणतीस वर्षांत बसायला पाच मिनिटं मिळाली नाहीत, तिथे आपण दोघी तीन दिवस पाय पसरून लोळणार. मी ताबडतोब ‘हो’ कळवून टाकलंय. ते स्टूल ओळखलंस? डावा पाय आखूड असलेलं. मूळ म्हणे! बाबांनी संत्र्याच्या खोक्याच्या फळ्यांचं करून दिलं होतं. मी त्यावर बसणार. आधी विचारणार नाही.

आता कृती वाच. पोट धरून हसले मी. मिस अ‍ॅडलेड आईच्या डोक्यावर उभी राहून लिहून घेत असणार आणि आई गोड आवाजात ‘होय मॅडम, एवढंच मॅडम’ करत असणार. ताकास तूर लागू दिली नाही बाईने. खेकडे आहेत, लोणी आहे, मोहरी आहे, आणि जायपत्रीचा पत्ता नाही! जायपत्री, जी आईने माझ्या चिठ्ठीतसुद्धा लिहिली. वर ओहायोवाल्यांनी त्यात टोमॅटोचं सॉस ओतलंय. आणि मासिकवाले लिहितात, ‘शतकाची चव’.

गाडी १५ ला दुपारी पोचते. तू तुझी ती जांभळी टोपी घाल. आपण पुढच्या दाराने जाणार आहोत, तेव्हा सावकाश जायचं.

तुझी,
व्हर्नेल

*

डॅरियन
८ मार्च १९९४

व्हर्नेल,

त्या भुताबद्दल आधी लिहिते, म्हणजे राग थोडा दुसरीकडे जाईल. मालकिणीवर जीव म्हणे! पाच वाजले की आई एप्रन काढून टोपी घालायची आणि सव्वापाचची बस धरायची. ती बस तिने आयुष्यात दोनदा चुकवली. आई भूत झालीच असेल तर ती बसस्टॉपवर आहे. त्या घरात नाही.

आता दुसरं. जायपत्री.

तू ते असं सहज लिहून गेलीस. मला पत्र तीनदा वाचावं लागलं. मला तिने जायपत्री कधीच सांगितली नाही. लग्नात नाही, नंतर नाही. शेवटची नऊ वर्षं ती माझ्या घरात होती, व्हर्नेल. तिच्या गोळ्या मी दिल्या, तिचे केस मी विंचरले. खेकडे करायला घेतले की ऐन वेळी ती मला म्हणायची, ‘जा गं, बघ दारात कोण आलंय.’ कोणी आलेलं नसायचं. मी परत येईपर्यंत पातेल्यावर झाकण. मला वाटायचं, म्हातारपणाची सवय आहे. आणि इतकी वर्षं ती जायपत्री तुझ्याकडे डेट्रॉइटला! अर्धीच चिठ्ठी मिळाल्याचं रडगाणं गातेस आणि जी गोष्ट मला घरात राहून मिळाली नाही ती तुला खोक्यात बांधून मिळते.

मी खोटं लिहिलं होतं. माझ्या खेकड्यांत काहीतरी कमी असतं. ते आधी संपतात कारण मी टेबलाच्या सुरुवातीला ठेवते.

आणि एवढी हसलीस, तर त्या पत्रकात तीळही नाहीत हे कसं नाही दिसलं तुला? भाजून कुटलेले तीळ. त्यांच्याशिवाय ते खेकडे कसले!

ओथेला

*

डेट्रॉइट
१३ मार्च १९९४

ओथेला,

तीळ.

मला कसं दिसणार? माझ्या चिठ्ठीत तीळ नाहीत. आपल्या दाराशी लावलेले तीळ, आजीच्या आजीपासूनचे. ते तिने तुझ्यासाठी ठेवले. घरातलं ते घरातल्या मुलीला, आणि निघून गेलेलीला दुकानात मिळेल ते.

म्हणजे माझं म्हणणं खरंच होतं. मला आता तो घास नको. उत्तर मिळालं.

खोली रद्द केल्याचं उद्या कळवते. तुझ्या नणंदेला माझा नमस्कार सांग.

व्हर्नेल

*

पिंकार्ड हाउस, सव्हाना
२४ मार्च १९९४

आदरणीय श्रीमती साइक्स,

आपलं आरक्षण रद्द केल्याचं पत्र १७ तारखेला मिळालं. वाईट वाटलं. डल्सीमुळे आपण घाबरला असाल तर आम्ही आपल्याला वरची खोली देऊ शकलो असतो.

परंतु एक गोंधळ झाला आहे. २१ तारखेला डॅरियनच्या श्रीमती फ्रेझर या बाईंनी फोन करून तेच दालन त्याच तीन दिवसांसाठी दोन व्यक्तींच्या नावे घेतलं. दुसरी व्यक्ती कोण, असं विचारता त्यांनी आपलं नाव सांगितलं. आपण येणार नसल्याचं मी त्यांना कळवलं, तर त्या म्हणाल्या, ‘ती येणार आहे, फक्त तिला अजून माहीत नाही.’ मग आमची चूल लाकडांची की गॅसची हे विचारून फोन ठेवला.

आपण येत आहात की नाही, हे कृपया आपण दोघींनी ठरवून एकीने कळवावं.

आपला नम्र,
लेलँड व्हॉस

*

डॅरियन
२६ मार्च १९९४

प्रिय व्हर्नेल,

हे पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिले दोन दिवस मी जाम खूश होते. खोटं कशाला बोलू? तुला तीळ मिळाले नाहीत याचा मला आनंद झाला. तिसऱ्या दिवशी जाळं विणताना हात थांबला आणि मग पुढे सरकेना. एक गोष्ट मी तुझ्यापासून बारा वर्षं लपवली आहे. ती आता लिहिते.

आईच्या शेवटच्या आठवड्यात, ती अजून नीट बोलत होती तेव्हा, मी तिला विचारलं. पलंगाशी बसून अगदी लाजत विचारलं, की आई, त्या खेकड्यांत मला तू काय सांगितलं नाहीस? तिने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘व्हर्नेलला विचार.’

बस, एवढंच. नऊ वर्षं मी तिचं केलं आणि उत्तर काय, तर व्हर्नेलला विचार. मला वाटलं तिने माझ्या तोंडात मारली. तू अंत्यविधीला आलीस, तीन दिवस माझ्या घरात राहिलीस, आपण एकाच टेबलावर दुसऱ्यांनी आणलेलं जेवण जेवलो आणि मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू जिंकली असतीस. म्हणून तू परत जाताना, आईचे पांढरे हातमोजे तूच उचललेस म्हणत मी तुझ्याशी भांडले. हातमोजे माझ्या ड्रॉवरमध्येच होते.

आता तुझ्या पत्रानंतर मला वेगळंच वाटतंय. व्हर्नेल, आपल्या आईने मिस अ‍ॅडलेडला दोन्ही गोष्टी सांगितल्या नाहीत. कृती मागणाऱ्या बायकांना ती काही ना काही कमीच सांगायची. सव्हानातली प्रत्येक स्वयंपाकीण तेच करायची, नाहीतर कृती मालकिणीची झाली की स्वयंपाकिणीचं काम काय? तिचा तो हातच तसा होता. पण आपल्या दोघींना तिने सारखंच कमी सांगितलं नाही. मला एक कमी, तुला दुसरं. हे विसरण्यातलं नाही गं. ती साखरसुद्धा चमच्याने नाही, नजरेने अचूक घालायची.

मला तिने ‘विचार’ म्हटलं होतं. विचारते. बारा वर्षं उशीर झाला. जायपत्री किती घालायची?

तुझी बहीण,
ओथेला

ता. क. खोली मी घेतली आहे. चूल गॅसची आहे.

*

डेट्रॉइट
२ एप्रिल १९९४

प्रिय ओथेला,

चिमूटभर. दोन बोटांची, तीन बोटांची नाही.

हातमोज्यांबद्दल तुला ईश्वर क्षमा करील. मला वेळ लागेल.

आता माझी पाळी. माझ्या चिठ्ठीत खाली एक ओळ होती, ती मी कोणालाच दाखवली नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. मी ती दुमडून ठेवायचे, त्यामुळे आता तिथे कागदच फाटलाय, पण अक्षर लागतं. कृती संपते आणि तिच्याखाली आईने लिहिलंय, ‘बाकीचं घरी आलीस की.’

मी ते गाडीत वाचलं. काळ्यांसाठीच्या वेगळ्या डब्यात, कोंबडीचा पाय हातात धरून. एकवीस वर्षांची होते आणि डोकं तापलेलं होतं. मला वाटलं, ही अट घालतेय. परत येशील तर मिळेल, नाहीतर बस तशीच. मी ठरवलं, की ज्या गावात मला मागच्या दाराने जावं लागतं तिथे मी खेकड्यांसाठी जाणार नाही. मग गावाने पुढची दारं उघडली, पण तोवर न जाण्याची सवय लागली होती. मुलं, काम, बर्फ. कारणांना काय तोटा! आई दर पत्रात विचारायची, ‘कधी येतेस?’ मी लिहायचे, ‘उन्हाळ्यात बघू.’ असे तीस उन्हाळे गेले, ओथेला, आणि मी आले ती थेट तिला पुरायला.

ती अट नव्हती. ते आमंत्रण होतं. एवढं साधं वाक्य मला वाचता आलं नाही. माझ्या शाळेतली सहा वर्षांची पोरं यापेक्षा बरं वाचतात.

आणि तू म्हणतेस तेही खरं असणार. मी आले नाही तर तू विचारशील, तू विचारलं नाहीस तर मी येईन, असा काहीतरी हिशोब तिने केला असेल. आपण दोघी इतक्या हेकट निघू असं तिला वाटलं नव्हतं. खरं तर वाटायला हवं होतं. हेका तिचाच आहे.

१५ ला दुपारी येतेय. जायपत्री मी आणते, तीळ तू आण. खेकडे तुझ्या पुतण्यांकडून, जिवंत. व्हॉसना काही सांगू नकोस.

तुझी,
व्हर्नेल

*

पिंकार्ड हाउस, सव्हाना
२१ एप्रिल १९९४

आदरणीय श्रीमती साइक्स आणि आदरणीय श्रीमती फ्रेझर,

आपण दोघी अजून डॅरियनला आहात असं समजलं, म्हणून तिथल्या पत्त्यावर लिहीत आहे. आपल्या वास्तव्याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, याचा विचार करण्यात माझे चार दिवस गेले.

आमच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांना प्रवेश नसतो. रविवारी सकाळी साडेपाचला मी खाली आलो तेव्हा आपण दोघी तिथे होतात, सिंकमध्ये दोन डझन जिवंत खेकडे होते आणि श्रीमती साइक्स जुन्या स्टुलावर बसल्या होत्या. ‘स्टुलावर बसू नये’ या पाटीचा उपयोग त्यांनी खेकडे झाकायला केला होता. मी काही बोलण्याआधीच श्रीमती फ्रेझर मला म्हणाल्या, ‘जरा बघता का, दारात कोण आलंय?’ मी गेलो. कोणी नव्हतं. परत आलो तेव्हा पातेल्यावर झाकण होतं. हे का झालं ते मला अजून उमगलेलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांनी भांड्यांचा आवाज, दोन बायकांचं हसणं आणि नंतर रडणं ऐकलं. डल्सीच असणार अशी त्यांची खात्री झाली असून ते पुढच्या वर्षीचं आरक्षण करून गेले आहेत.

आता मुद्द्याचं. न्याहारीला आपण जे वाढलंत ते मी खाल्लं. माझ्या पत्नीनेही खाल्लं. त्यानंतर आम्ही दोघांनी रिकामी कवचं पुन्हा खरवडली. मिस अ‍ॅडलेडची कृती आम्ही तीन वर्षं तंतोतंत पाळतो आहोत आणि आमचे खेकडे असे कधीच लागले नाहीत. आपली कृती आम्हाला द्याल का? त्याबदल्यात आपण सांगाल ते करू.

आपला नम्र,
लेलँड व्हॉस

*

डॅरियन
२७ एप्रिल १९९४

श्री. व्हॉस,

हे पत्र ओथेला सांगते आहे आणि मी, व्हर्नेल, लिहिते आहे, कारण तिचं अक्षर तिलाच लागत नाही. (ती म्हणते हे लिहू नकोस.)

खेकड्यांच्या घाणीबद्दल दिलगीर आहोत. स्टुलाबद्दल नाही. ते आमच्या बाबांनी केलं होतं.

कृती देतो. एकच अट. तुमच्या पत्रकातली डल्सी काढून टाका. त्या स्वयंपाकघरात डल्सी नावाचं कोणी नव्हतं. त्याऐवजी असं छापा: ‘या स्वयंपाकघरात १९२९ ते १९५८ ड्रुसिला मंजिन यांनी स्वयंपाक केला. संध्याकाळी पाचला त्या आपल्या घरी जात.’ दुसरं वाक्य गाळू नका, ते जास्त महत्त्वाचं आहे. कृतीवर मात्र तिचं नाव घालू नका. तिथे मिस अ‍ॅडलेडचंच राहू द्या.

आता लिहून घ्या. डझनभर खेकडे उकडून गर काढा, कवचं धुऊन ठेवा. लोण्यात बारीक कांदा आणि सेलरी परता. खारी बिस्किटं चुरून घाला, दोन अंडी, चमचाभर मोहरीची पूड, लाल तिखट, लिंबाचा रस, थोडी शेरी वाइन. गर हलक्या हाताने मिसळा, कवचांत भरा आणि वर लाली येईपर्यंत भाजा. टोमॅटोचं सॉस देवाने फ्रेंच फ्राइजसाठी निर्माण केलंय, ते तिकडेच ठेवा.

एवढंच. यापेक्षा जास्त काही नाही.

आपल्या,
ओथेला मंजिन फ्रेझर
व्हर्नेल मंजिन साइक्स

*

डेट्रॉइट
९ मे १९९४

प्रिय ओथेला,

सुखरूप पोचले. घरात शिरले तर सगळं इतकं गप्प होतं की भिंतीवरचं घड्याळ पहिल्यांदाच ऐकू आलं.

एक कबुली द्यायची आहे, ती तिथे तोंडावर देववली नाही. व्हॉसना पत्र लिहिताना तू ‘चिमूटभर जायपत्री’ असं स्पष्ट म्हणालीस. मी मान डोलावली आणि लिहिली नाही. माणूस काही वाईट नाही गं, त्याने कृती अगदी मनापासून मागितली होती. पण पेन तिथपर्यंत आलं आणि हात वळेचना. तू एवढ्या मोठ्या मनाने सगळं सांगत होतीस आणि मी अशी निघाले. रागावू नकोस.

परवा त्यांचं नवं पत्रक आलं. डल्सी गेली. ड्रुसिला मंजिन हे नाव छापलंय आणि पाच वाजता घरी जाणंही. मी ते फ्रीजवर लावलंय. सोबत व्हॉस लिहितात, नव्या कृतीने खेकडे ‘खूपच सुधारले, जवळजवळ तसेच होतात’.

तुझी,
व्हर्नेल

*

डॅरियन
१६ मे १९९४

प्रिय व्हर्नेल,

जवळजवळ! बिचारा.

रागावण्याचा प्रश्नच नाही. तू माझ्या मोठ्या मनाबद्दल लिहिलंस ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन हसून आले. अगं, तू लिहीत होतीस तेव्हा मी तीळ सांगितलेच कुठे होते? तुला वाटलं मी विसरले, म्हणून तू माझ्याकडे बघितलंस. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले. म्हणजे त्या माणसाकडे आता पुन्हा मिस अ‍ॅडलेडचेच खेकडे आहेत, फक्त सॉस गेलं. आईला हे कळलं असतं तर तिने काही म्हटलं नसतं. नुसतं पातेल्यावर झाकण ठेवलं असतं.

दाराशी तीळ पेरलेत. यंदा दोन ओळी जास्त, तुझ्या वाटणीच्या. अंजिराला फळ धरलंय. त्यावरून आठवलं, आईचा अंजिरांचा मुरंबा तुला येत नाही. तो तिने फक्त मला शिकवला होता. दर वेळी मागत बसशील म्हणून कृती इथेच देऊन टाकते.

पिकलेली अंजिरं, देठासकट. अंजिरांच्या निम्मी साखर. एका लिंबाच्या चकत्या. मंद आचेवर ठेव.

बाकीचं घरी आलीस की.

तुझी बहीण,
ओथेला